बांधावर फेकलेले खांब

फ्रान्स-इटलीतल्या कित्येक द्राक्षमळ्यांत हल्ली दोन ओळींमध्ये मुद्दाम गवत, द्विदल पिके, फुलझाडे वाढू देतात, असे मी अण्णांना सांगितले. अण्णा हसले. "आम्ही तण काढायला मजूर शोधत फिरतो, आणि ते लोक तण पेरतात होय?" अण्णा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ. आमचे गाव रावेर तालुक्यातले. द्राक्षे नाशिककरांची, आमची केळी. तेव्हा आमच्यापुरता द्राक्षमळा म्हणजे केळीची बाग.

लहानपणी सुट्टीत या बागेत आम्ही लपाछपी खेळत असू. घड उतरला की माणसे विळ्याने खांब आडवा करीत आणि ओढत नेऊन बांधावर फेकीत. तिथे तो कुजे, वाळला की कधी पेटवला जाई. बाग कशी, तर झाडून काढलेल्या अंगणासारखी स्वच्छ हवी. रस्त्याने जाणाऱ्याने मान डोलावली पाहिजे! एकरात सतराशेच्या आसपास खांब. केळीचे झाड एकदाच घड देते, त्यामुळे एवढे सगळे ओले ओझे एका हंगामात शेताबाहेर जायचे. खांब म्हणजे लाकूड नव्हेच, एकात एक गुंडाळलेली पानांची देठे. त्यांत पाणी भरपूर आणि पालाशही भरपूर. म्हणजे बांधावर पालाश फेकायचे आणि दुकानातून पालाशाची गोणी आणायची, असा आमचा पिढीजात व्यवहार. उधारी वाढली की दोष भावाला.

चार वर्षांपूर्वी अण्णांनी हा व्यवहार उलटा केला. घड कापल्यावर खांब काही दिवस उभाच ठेवतात, त्यातले अन्न शेजारच्या पिलाला मिळते. मग तुकडे करून ओळींमध्येच पसरतात. पाने, खोड, सगळे जमिनीवर. या जूनमध्ये मी ते आच्छादन हाताने बाजूला सारले, तर खाली गार ओल आणि गांडुळांची माती. शेजारच्या उघड्या शेतात त्याच दुपारी पायाला चटके बसत होते. हे काही शास्त्रीय मोजमाप नव्हे, पायांनी दिलेली साक्ष आहे.

पण झाकलेली जमीन म्हणजे सगळेच गोड, असे मानायचे कारण नाही. कुजत्या खोडात सोंडकिडा वाढतो, म्हणून तुकडे बारीक करावे लागतात, आणि त्याला मजुरी लागते. त्याहून मोठी भीती हरण्याची. पानांवर पिवळे पट्टे ओढणारा हा विषाणूजन्य रोग मावा पसरवतो, आणि काकडीवर्गीय वेली व काही तणे विषाणूला आसरा देतात. म्हणून परदेशी मळ्याचा फोटो पाहून केळीत वाटेल ते उगवू देणे म्हणजे आपल्या हाताने रोगाला पाट मांडणे. अण्णा बागेत आच्छादन ठेवतात, पण वेली आणि तणे उपटतात. वाऱ्याला आडोसा म्हणून बांधावर जुन्या पद्धतीने शेवरी लावतात. वळवाच्या वादळात बाग आडवी झाली की वर्षाची कमाई जाते, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल.

बसराई गेली, श्रीमंती आली, मग टिश्यू कल्चरची ग्रँड नैन आली. नावे वेगळी, कुळ एकच, कॅव्हेंडिश. एका मातेची हजारो रोपे, सगळी सारखी. १९५०-६० च्या दशकांत ग्रोस मिशेल नावाची जात पनामा रोगाने बाजारातून उठवली, तेव्हा जगाने कॅव्हेंडिशचा आधार घेतला. आता त्याच रोगाचा नवा प्रकार कॅव्हेंडिशलाही सोडत नाही, आणि तो बिहारपर्यंत पोहोचला आहे. २०१६ मध्ये जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा आनंद आहेच. पण मानांकनाने बुरशी अडत नाही.

आणि पाणी? पाऊस सातशे मिलिमीटरच्या आसपास, केळीची गरज त्याच्या दुपटीहून जास्त. सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोटे-वाळूचा पट्टा आहे, भूगर्भतज्ज्ञ त्याला बझाडा म्हणतात. डोंगरावरून आलेले पाणी तिथे मुरते आणि खालच्या विहिरींना पोहोचते. वरचा डोंगर उघडा पडला, तर पाणी मुरण्याऐवजी माती घेऊन तापीत जाते. ठिबकने पाणी वाचते, पण भूगर्भात ते घालत नाही.

डोंगर पुन्हा झाकला तर काय होते, हे पाहायला मी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याला गेलो. तिथे चैत्राम पवार आणि गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून चारशे हेक्टरांहून अधिक जंगल राखले. झाड तोडले तर दंड, आणि पहारा गावाचाच. एके काळी पाण्यासाठी वणवण करणाऱ्या पाड्याच्या विहिरींना पाणी आले. पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मला मात्र तिथली वनभाजी स्पर्धा अधिक आवडली. टाकळा, करटोली अशा ओळखीच्या भाज्यांच्या जोडीला बायका अशा भाज्या रांधून मांडतात, की ज्यांची नावेही आम्ही सपाटीवरचे विसरलो. आमच्या बांधावर एके काळी यांतल्या काही उगवत, असे काकूंनी नंतर सांगितले. कोणत्या, ते त्यांनाही नीट आठवेना.

बारीपाड्याची हकीकत अण्णांनी दोनदा सांगायला लावली. पुतण्या बाजूला बसून मोबाइलवर केळीचा भाव पाहत होता.

निघताना त्याने माझ्या पिशवीत फणी घातली आणि हळूच म्हणाला, "काका, अण्णांना तुम्हीच सांगा. निदान रस्त्याकडच्या दोन ओळींतले खांब तरी बाहेर टाकू द्या. येणारे-जाणारे विचारतात, बाग सोडून दिली का म्हणून."