हाक आणि मान

एस. टी. च्या गाडीत दाटी झालेली असते. दाराशी उभा असलेला तरुण पुढच्या वृद्ध गृहस्थांना म्हणतो, "काका, जरा आत सरकता का?" गृहस्थ आत सरकतात. खिडकीपाशी बसलेल्या बाई आपली पिशवी मांडीवर घेतात आणि एका शाळकरी मुलाला म्हणतात, "ये रे बाळा, टेक इथं." यांपैकी कोणी कोणाचे नातलग नसते. पुढच्या गावी जो तो आपल्या वाटेने जाणार असतो. तरीही 'काका' म्हटल्याने त्या गृहस्थांना राग येत नाही आणि 'बाळा' म्हटल्याने तो मुलगा रुसत नाही.

अनोळखी माणसाला नात्याने हाक मारण्याची ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. वडीलधाऱ्या पुरुषाला काका किंवा मामा, प्रौढ स्त्रीला मावशी किंवा काकू, आपल्याहून थोड्या मोठ्यांना दादा आणि ताई, वृद्धांना आजोबा आणि आजी अशी ही नाती वयाप्रमाणे वाटली जातात. प्रदेशाप्रमाणेही त्यांत फरक पडतो. विदर्भात 'भाऊ' हा शब्द जिभेवर चटकन येतो. दक्षिण महाराष्ट्रात 'अण्णा' आणि 'अक्का' ऐकू येतात. हे शब्द शेजारच्या कानडी मुलखातही थोरला भाऊ आणि थोरली बहीण यांसाठीच वापरतात. गोव्यात 'बाब' आणि 'बाय' हे शब्द चालतात. कवी बा. भ. बोरकर यांना लोक 'बाकीबाब' म्हणत, तो हाच 'बाब'.

यातील एक गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे. अनोळखी स्त्रीला मावशी म्हणणारे पुष्कळ. आत्या म्हणणारा क्वचितच भेटतो. 'माय मरो, पण मावशी उरो' ही म्हण मराठीत रूढ आहे. आईची बहीण म्हणजे दुसरी आईच, अशी आपल्या मनाची ठेवण असल्यामुळे परक्या स्त्रीशी बोलताना तोच शब्द ओठांवर येत असावा.

परक्याशी बोलताना एक अडचण असते. त्याचे नाव ठाऊक नसते आणि नुसते 'अहो' म्हटले, तर चारचौघे वळून पाहतात. नात्याचा शब्द ही अडचण दूर करतो. शिवाय त्या शब्दाबरोबर बोलणाऱ्यावर थोडी जबाबदारीही येते. ज्याला काका म्हटले, त्याला धक्का देऊन पुढे घुसणे शोभत नाही. ज्या मुलाला बाळ म्हटले, त्याला उभे ठेवून आपली पिशवी बाकावर ठेवणे बरे दिसत नाही.

मग असे शब्द नेहमीच आनंद देतात का? तसे मात्र नाही. पंचविशीतील एखाद्या तरुणीला कोणी "काकू, बाजूला व्हा" म्हटले, तर तिच्या कपाळावर आठी पडते. तिथे 'ताई' हा शब्द अधिक योग्य असतो. ही चूक वयाच्या अंदाजाची आहे. तिच्यामुळे क्षणभर वाईट वाटते किंवा हसू येते आणि गोष्ट तिथेच संपते. पण आणखी एक प्रकार आहे. तो अधिक खोल जखम करतो.

मराठीत हाकेच्या शब्दाबरोबर क्रियापदही बोलत असते. 'मावशी, जरा इकडे येता का?' आणि 'ए मावशी, इकडे ये' या दोन वाक्यांत मावशी हा शब्द एकच आहे. परंतु पहिल्यात विनंती आहे, दुसऱ्यात हुकूम आहे. कोणी म्हणेल, आपण आईलाही 'तू' म्हणतो, देवालाही 'तू' म्हणतो. मग 'ये' म्हणण्यात वावगे ते काय? आईला 'तू' म्हणण्यामागे जन्मापासूनची जवळीक असते. जिची आपली ओळख नाही, जिचे नावही आपण कधी विचारले नाही, तिच्याशी बोलताना ती जवळीक कोठून आणणार? तिथे उरतो तो केवळ अधिकार.

एखाद्या कचेरीत पाहावे. तिथे काम करणाऱ्या अधिकारी बाईंना सारे 'मॅडम' म्हणतात. फरशी पुसणाऱ्या बाई त्यांच्याच वयाच्या असतात. त्यांना मात्र सारे 'मावशी' म्हणतात. साहेबांना 'साहेब' आणि शिपायाला 'मामा'. नाती जर केवळ प्रेमाने जोडली जात असती, तर अधिकाऱ्यालाही कोणी मामा म्हटले असते. तसे होत नाही. म्हणजे इथे नात्याचा शब्द माणसाच्या वयावरून ठरलेला नसून कामावरून ठरलेला असतो. कित्येक वर्षे एकत्र काम करूनही त्या मावशींचे आडनाव कोणाला सांगता येत नाही. काही मावशींना ही हाक आवडते. त्यांना तीत माया जाणवते. काहींना वाटते की, आपल्यालाही कोणी नावाने, 'बाई' जोडून हाक मारावी. दोघींचेही म्हणणे खरे असू शकते.

'भैया' या शब्दाची कहाणीही अशीच आहे. हिंदीत भैया म्हणजे भाऊ. इतका गोड शब्द. परंतु मुंबईत उत्तरेकडून पोटासाठी आलेल्या माणसांना अनेकजण तो तुच्छतेच्या सुरात लावू लागले. शब्द तोच राहिला, पण त्यातला भाऊ निघून गेला. आपल्याकडील जुन्या खेड्यांतही असेच चाले. वाड्यातील लहान मुलगा साठीच्या गड्याला 'अरे' म्हणे आणि तो वृद्ध गडी त्या मुलाला 'अहो' म्हणे. जातीची आणि धनाची उतरंड अशी रोजच्या हाकेतून दिसत असे.

हा प्रश्न केवळ मराठीचा नाही. इंग्लंडच्या उत्तर भागात दुकानदार अनोळखी गिऱ्हाइकाला 'लव्ह' म्हणतो, तर डर्बी आणि नॉटिंगहॅमच्या बाजूला 'डक', म्हणजे बदक, अशी हाक मारण्याची पद्धत आहे. तेथील लोकांना तीत आपलेपणा वाटतो. परंतु कचेरीतील वरिष्ठाने हाताखालच्या एखाद्या तरुणीला तसेच 'लव्ह' म्हटले, तर तिला ते खुपते. कारण तिने उलट त्याला तसे म्हटलेले त्याला खपणार नसते.

अमेरिकेत तर या प्रश्नाने न्यायालयाची पायरी चढली. आज आपल्या शहरांतील मुले शेजाऱ्यांना सहजपणे 'अंकल' आणि 'आंटी' म्हणतात. अमेरिकेच्या दक्षिण भागात मात्र या शब्दांना कडवट इतिहास आहे. तेथे गोरे लोक वयस्क कृष्णवर्णीयांना 'अंकल' आणि 'आंट' म्हणत, कारण त्यांना 'मिस्टर' किंवा 'मिसेस' म्हणायचे नसे. तसे म्हटल्यास त्यांना बरोबरीचे मानल्यासारखे झाले असते. इतरांना ते नुसत्या पहिल्या नावाने हाक मारत, आणि थोराड पुरुषालाही 'बॉय', म्हणजे पोरगा, म्हणत.

इ. स. १९६३ मध्ये अलाबामा राज्यातील गॅड्सडेन या गावी मेरी हॅमिल्टन नावाची कृष्णवर्णीय तरुणी न्यायालयात साक्षीसाठी उभी होती. समान हक्कांच्या चळवळीत ती काम करीत असे. सरकारी वकिलाने तिला 'मेरी' अशी हाक मारून प्रश्न विचारला. गोऱ्या स्त्रियांना मानाने 'मिस' म्हणायचे आणि कृष्णवर्णीय स्त्रियांना नुसत्या नावाने हाक मारायची, अशी तिथली रीत होती. योग्य प्रकारे संबोधल्याखेरीज आपण उत्तर देणार नाही, असे तिने सांगितले. न्यायाधीशाने हा न्यायालयाचा अवमान ठरवून तिला पाच दिवसांची कैद आणि ५० डॉलर दंड अशी शिक्षा ठोठावली. ती डगमगली नाही. प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६४ मध्ये त्या न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. एका 'मिस' शब्दासाठी एका तरुणीने तुरुंग पत्करला. कारण त्या शब्दात तिच्या साऱ्या समाजाचा मान अडकला होता.

आता आपल्या मातीतील एका हाकेकडे वळू. आषाढ महिन्यात पंढरपूरच्या वाटेने वारकऱ्यांच्या दिंड्या चालतात. आळंदीहून ज्ञानेश्वरांची आणि देहूहून तुकारामांची पालखी निघते. या वाटेवर कोणीही कोणालाही एकाच नावाने हाक मारतो: 'माउली'. पाणी देणारा माउली, पाणी पिणारा माउली. वृद्ध स्त्री माउली आणि दहा वर्षांचा मुलगाही माउलीच. वारकरी भेटले की, एकमेकांच्या पाया पडतात. 'मावशी' आणि 'मॅडम' असा भेद या हाकेत नाही. जो शब्द आपण देतो, तोच आपल्याला परत मिळतो.

तरीही एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. वाटेवर सारे माउली असले, तरी अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील भक्तांना विठ्ठलाच्या मंदिरात जाण्यास शेकडो वर्षे मज्जाव होता. संत चोखामेळ्यांनाही बाहेरूनच दर्शन घ्यावे लागले. हे दार उघडावे म्हणून साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात दहा दिवस उपोषण केले. तेव्हा मंदिर सर्वांना खुले करण्याचे ठरले. यावरून असे दिसते की, शब्द कितीही गोड असला, तरी वागणूक त्याच्या मागोमाग आली पाहिजे.

शब्दाआधी वागणूक आली, म्हणजे काय होते, याचेही उदाहरण महाराष्ट्राने पाहिले आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी साताऱ्यास वसतिगृह काढले. निरनिराळ्या जातींची गरीब मुले तेथे एकत्र राहत आणि एकत्र जेवत. एकदा मुलांच्या जेवणाची अडचण पडली, तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्रही मोडले. त्यांना लोक 'रयत माउली' म्हणू लागले आणि भाऊरावांना मुले 'अण्णा' म्हणत. ही नावे त्यांनी मागून घेतली नव्हती.

तर मग परक्याला नात्याने हाक मारावी की मारू नये? अवश्य मारावी, ही रीत टाकून देण्याजोगी नाही. पण हाक मारण्यापूर्वी मनाला तीन प्रश्न विचारावेत. हाच शब्द या माणसाने आपल्याला किंवा आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांना लावला, तर चालेल का? शब्दासोबत येणारे क्रियापद विनंतीचे आहे की हुकमाचे? आणि ज्याला आपण रोज भेटतो, त्याचे नाव आपल्याला ठाऊक आहे का? एखाद्याला आपली हाक आवडली नाही, असे दिसले, तर ती तत्काळ बदलावी. त्यात कमीपणा नाही. कारण कोणती हाक गोड, हे ठरवण्याचा अधिकार ती ऐकणाऱ्याचा असतो.

शाळेची घंटा वाजवणाऱ्या, वर्ग झाडणाऱ्या माणसांपासूनच याचा आरंभ करता येईल. त्यांचे पूर्ण नाव काय, ते कोणत्या गावचे, हे एकदा आदराने विचारून पाहावे. त्यानंतर 'मामा' किंवा 'मावशी' अशी हाक मारली, तर ती खऱ्याखुऱ्या माणसाला मारलेली हाक असेल.