बटुग्रहाशी डेट, नरडाण्यात!

प्लूटोची वेळ भर पावसाळ्यात, सेरेसची मात्र ऐन भरीत पार्टीच्या सीझनमध्ये. जानेवारी २०२७ मधला एक वीकएन्ड आत्ताच राखून ठेवा!

सांगायला जरा लाज वाटते, पण बटुग्रहाशी ठरलेल्या माझ्या पहिल्याच डेटला समोरची पार्टी आलीच नाही.

गोष्ट जुलै २०१५ ची. नासाचं 'न्यू होरायझन्स' यान १४ जुलैला प्लूटोजवळून जाणार होतं. ऑफिसात जो तो प्लूटोचे फोटो फॉरवर्ड करत होता. म्हटलं, आपण प्रत्यक्षच बघू की! मित्राची दहा इंची दुर्बीण मागून घेतली, बॉसला पटेल अशी थाप मारून दोन दिवस रजा टाकली आणि पुण्याहून थेट मामाचं गाव गाठलं. नरडाणा! धुळ्याहून शिरपूरकडे निघालात की सोनगीरच्या पुढे हायवेलगतच लागतं. सुरत-भुसावळ लाइनवर स्टेशनही आहे. अंधार मुबलक, जेवण फर्मास. आणखी काय हवं?

हवं होतं ते फक्त आकाश. तीन रात्री नुसते ढग. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या दुर्बिणीशेजारी खाट टाकून बसलेल्या मला मामाने विचारलं, "काय देखी राहिना रे भाचा, ढग?"

चूक माझीच होती. 'कुठे बघायचं' याचा अभ्यास केला होता. 'कधी बघायचं' याचा नाही.

एकाच मीटिंगमध्ये प्रमोशन आणि डिमोशन

ऑगस्ट २००६ मध्ये प्राग शहरात आंतरराष्ट्रीय खगोल संघटनेची बैठक भरली. २४ तारखेला मतदान झालं आणि प्लूटोचं ग्रहपद गेलं. शाळेत पाठ केलेली नऊ ग्रहांची यादी आठावर आली. आपल्याला हे डिमोशनच तेवढं लक्षात राहिलं. त्याच मीटिंगमध्ये एकाचं प्रमोशनही झालं होतं, ते सेरेसचं.

इटलीतल्या पालेर्मोमध्ये जुझेप्पे पियाझ्झीला १ जानेवारी १८०१ रोजी सेरेस सापडला. काही दशकं तो ग्रह म्हणून मिरवला, मग लघुग्रहांच्या गर्दीत ढकलला गेला आणि २००६ मध्ये बटुग्रह झाला. गंमत म्हणजे शोध लागल्यावर थोड्याच आठवड्यांत पियाझ्झी आजारी पडला आणि सेरेस सूर्याच्या झगमगाटात हरवला. तो नेमका कुठे उगवेल याचं गणित मांडलं गाऊस नावाच्या पोराने. वय फक्त २४! वर्ष संपता संपता त्याने सांगितलेल्या जागेजवळच सेरेस पुन्हा सापडला. तेव्हा 'कधी आणि कुठे' हा प्रश्न पहिल्या दिवसापासूनचा आहे.

प्रतियुतीचा फंडा

फंडा एकदम सिंपल आहे. सूर्य एका बाजूला, बटुग्रह दुसऱ्या बाजूला आणि मध्ये आपली पृथ्वी. याला म्हणतात प्रतियुती. त्या दिवसांत तो आपल्या सर्वांत जवळ असतो, म्हणून सर्वांत तेजस्वी दिसतो. सूर्य मावळताना उगवतो, मध्यरात्री सर्वांत उंच चढतो आणि पहाटेपर्यंत हजर असतो. म्हणजे फुल नाइट शिफ्ट.

ही संधी किती दिवसांनी येणार, हे त्या बटुग्रहाच्या चालीवर अवलंबून. सेरेस साधारण ४.६ वर्षांत सूर्याभोवती एक फेरी मारतो. त्याला पुन्हा गाठायला पृथ्वीला सव्वा वर्षाहून थोडा जास्त वेळ लागतो. त्यामुळे प्रतियुतीचा ऋतू दर वेळी बदलतो. ६ जुलै २०२४ च्या सुमारास झाली, मग २ ऑक्टोबर २०२५ ला. एकदा पावसाने घात केला तरी पुढच्या वेळी चान्स असतोच.

प्लूटो मात्र एका फेरीला २४८ वर्षं घेतो. तो जवळपास जागच्या जागीच असल्यासारखा, म्हणून त्याची प्रतियुती दर वर्षी फक्त एक-दोन दिवसांनी पुढे सरकते. २०१५ मध्ये ६ जुलैला होती, २०२५ मध्ये २५ जुलैला. दहा वर्षांत जेमतेम १९ दिवसांची प्रगती! या हिशेबाने ती पावसाळ्याच्या पलीकडे जायला अजून तीनेक दशकं तरी लागतील. तोवर आपण रिटायर होऊ.

मग काय, प्लूटोवर पाणी सोडायचं? अजिबात नाही. प्रतियुती ही सर्वोत्तम वेळ असली तरी एकमेव नाही. प्लूटो इतका दूर आहे की तिथून निघालेला प्रकाश आपल्यापर्यंत यायला पाच तासांच्या आसपास लागतात. दोन-तीन महिन्यांनी त्याच्या तेजात फारसा फरक पडत नाही. ऑक्टोबरमध्ये पाऊस परतला, हवा धुतलेली असली, की अमावास्येच्या आसपास अंधार पडल्या पडल्या दक्षिणेला मकर राशीत शोधायचं. फक्त त्याची प्रत १४ च्या पुढे आहे. म्हणजे दहा-बारा इंची दुर्बीण, तपशीलवार नकाशा आणि भरपूर पेशन्स लागणार.

सेरेस आणि भरीत

आता खरी बातमी. सेरेसची पुढची प्रतियुती आहे ७ जानेवारी २०२७ च्या सुमारास. आणि योग असा जुळलाय की बघत राहावं. त्याच रात्री अमावास्या, म्हणजे चंद्राची कटकट नाही. ७ तारखेला गुरुवार, म्हणजे लगेच पुढे वीकएन्ड. सेरेस त्या वेळी सूर्याच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने त्याची प्रत ७ च्या आसपास असेल. नुसत्या डोळ्यांना दिसणार नाही, पण साध्या १०x५० बायनॉक्युलर्समधून नक्की दिसेल.

जागा? पुनर्वसू नक्षत्राजवळ. पुनर्वसूचे दोन तेजस्वी तारे मिथुन राशीतले, आजीनेही ओळखावेत असे. खान्देशातून पाहिलं तर रात्री साडेबाराच्या सुमारास सेरेस जवळपास डोक्यावर असेल. लंडन-न्यूयॉर्कवाल्यांच्याही नशिबी इतकी उंची नाही!

वर जानेवारी म्हणजे खान्देशात भरीत पार्टीचा सीझन. काट्यांवर भाजलेली वांगी, कळण्याची भाकरी, शेतातच पंगत. धुळ्याचा पारा या दिवसांत एक आकडी होतो, त्यामुळे शेकोटी मस्ट. फक्त शेकोटीकडे पाठ करून शेका, नाहीतर अंधाराला सरावलेले डोळे पुन्हा दिपतील.

ओळखायचा कसा?

सेरेस ताऱ्यासारखाच ठिपका दिसतो. व्यास साधारण ९४० किलोमीटर, अंतर मात्र असं की त्याचा प्रकाश यायला साडेतेरा मिनिटं लागतात. मग कळणार कसं? त्याची चाल पकडायची. शुक्रवारी, ८ तारखेला रात्री पुनर्वसूजवळचे तारे बायनॉक्युलर्समधून बघून वहीत काढा. अगदी ठिपके-ठिपके. शनिवारी पुन्हा काढा. जो ठिपका चंद्राच्या साधारण निम्म्या रुंदीइतका पश्चिमेला सरकलाय, तोच आपला. पियाझ्झीनेही हेच केलं होतं.

बाकी तिघांचं थोडक्यात. माकेमाकेची वेळ मार्चअखेर, हाउमियाची एप्रिलमध्ये, एरिसची ऑक्टोबरमध्ये. खान्देशातल्या उन्हाळी रात्री निरभ्र असतात हे खरं, पण हे तिघे १७ ते १९ प्रतीचे. तिथे मोठी दुर्बीण आणि कॅमेराच हवा.

मामाचा बल्ब

मागच्या हिवाळ्यात नरडाण्याला गेलो, तेव्हा एक गोष्ट टोचली. २०१५ मध्ये मामाच्या बांधावरून एका दिशेलाच उजेड दिसायचा, एमआयडीसीच्या बाजूला. आता हायवेच्या अंगालाही फिकट पांढरी झाक चढलीय. त्याबद्दल तक्रार कुठल्या तोंडाने करणार? गावातल्या पोरांना तिथेच काम मिळतं. आपणही नोकरीसाठीच शहरात आलो ना? पण सेरेस पुन्हा येईल, प्लूटोही येईल. तो बांध तेवढाच काळोखा राहील याची गॅरंटी कुणी देत नाही.

मामाला जानेवारीचा बेत सांगितला. रात्रीची लाइट आली की तो तसाही गव्हाला पाणी द्यायला जागा असतो. त्याने पुनर्वसू कुठे उगवतो ते न विचारताच हात करून दाखवलं. मग म्हणाला, "तुमना तारा दिसस का नही, ते मी पण देखसू." उठला आणि विहिरीवरचा बल्ब बंद करून आला. म्हटलं, मामा, अजून वेळ आहे! तर म्हणाला, बघून तर घेऊ किती अंधार पडतो ते.

पडला. चांगला पडला.

बॅग भरताना
- १०x५० बायनॉक्युलर्स. हात थरथरू नये म्हणून खाटेवर आडवं पडून बघा.
- वही, पेन्सिल आणि लाल जिलेटिन लावलेली टॉर्च.
- कानटोपी, शाल, थर्मासमध्ये चहा.
- मोबाइलवर आकाशाचा नकाशा, ब्राइटनेस अगदी कमी.
- ज्यांच्या शेतात बसणार त्यांना आधी फोन. आणि हो, भरताची वांगी आदल्या दिवशीच सांगून ठेवा!