भिंत सैल होते, पण ढासळत नाही

भिजवलेल्या मुगाला मोड येतात आणि रात्रीत लांबतात. तिथे भराभर नव्या पेशी तयार होत असणार, अशी बहुतेकांची समजूत असते. पेशीविभाजन होतं खरं, पण ही लांबी मुख्यतः येते ती आहे त्याच पेशी ताणल्या गेल्यामुळे. पेशीत पाणी शिरतं आणि आतला दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेहूनही जास्त होऊ शकतो. त्याला आवरून धरते पेशीभित्तिका.

ही भित्तिका म्हणजे निर्जीव कवच, हा दुसरा गैरसमज. रॉबर्ट हूकने 1665 मध्ये बुचाच्या कापात पाहिल्या त्या रिकाम्या, मेलेल्या पेशीच होत्या आणि शाळेच्या आकृतीतही भित्तिका नुसती जाड रेघ असते. प्रत्यक्षात वाढत्या पेशीच्या भिंतीत प्रथिनांची सतत ये-जा असते. भिंत ताणली जाताना नवं साहित्यही येत राहतं, म्हणून ती विरत नाही.

मग विकरं ही भिंत कुरतडून सैल करतात का? सरसकट नाही. सेल्युलोजच्या धाग्यांभोवती झायलोग्लुकन नावाच्या शर्करेच्या लांब साखळ्या असतात. 1992 मध्ये ब्रिटन आणि जपानमधल्या संशोधकांनी एका अजब विकराचं वर्णन केलं. ते साखळी तोडतं, तुटलेलं टोक हातचं सोडत नाही आणि ते दुसऱ्या साखळीला जोडून देतं. तुटलेल्या बंधातली ऊर्जाच नव्या बंधाला कामी येते, वेगळं इंधन लागत नाही. जपानी गटाने ते अझुकी या मूग-चवळीच्या भाऊबंदाच्या कोवळ्या खोडातून मिळवलं होतं. या विकराच्या चाचण्यांसाठी प्रयोगशाळेत झायलोग्लुकन सहसा चिंचोक्याचं वापरतात. आपल्याकडे घोंगडीला चिंचोक्याची खळ देतात, तिचा चिकटपणा याच शर्करेचा.

तरीही भिंत सैल करण्यातला मोठा वाटा ज्याचा, ते एक्स्पान्सिन रूढ अर्थाने विकर नाहीच. ते साखळ्या तोडत नाही. अमेरिकेत डॅनियल कॉसग्रोव्ह यांच्या प्रयोगशाळेत काकडीच्या रोपाच्या देठाचे तुकडे गोठवून मारले आणि चिमट्यात धरून त्यांना सतत ताण दिला. आम्लधर्मी द्रावणात ते मेलेले तुकडेही लांबत गेले. उकळत्या पाण्यातून काढल्यावर लांबणं थांबलं. वाढत्या भिंतीतून काढलेली प्रथिनं वरून घातल्यावर पुन्हा सुरू झालं! एक्स्पान्सिन साखळ्यांची एकमेकींवरची पकड ढिली करतं, आतल्या पाण्याचा दाब बाकीचं काम करतो. जिवंत झाडात ऑक्सिन हे संप्रेरक पेशीच्या पटलावरचे पंप चालू करून भिंतीत आम्लता आणतं.

फळ मऊ पडतं ते एकाच विकरामुळे, हाही असाच भाबडा हिशोब. भिंतीतलं पेक्टिन तोडणारं पॉलिगॅलॅक्ट्युरोनेज दाबून टाकलेला ‘फ्लेवर सेव्हर’ टोमॅटो 1994 मध्ये अमेरिकेत बाजारात आला. तो तरीही मऊ पडायचाच. टणक टोमॅटो मिळाला तो पुढे, पेक्टेट लायेज हे दुसरंच विकर रोखल्यावर.