समाज पहिल्या पेपरात, कारभार दुसऱ्यात

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत सामान्य अध्ययनाचे ४ पेपर असतात, प्रत्येकी २५० गुणांचे. ‘भारतीय समाज’ पहिल्या पेपरात इतिहास-भूगोलाशेजारी बसतो. राज्यघटना, शासनकारभार, सामाजिक न्याय आणि आंतरराष्ट्रीय संबंध दुसऱ्यात. दोन्हीकडे २० प्रश्न, ३ तास. म्हणजे एका प्रश्नाला ९ मिनिटं, वाचणं आणि डोकं खाजवणं धरून! १० गुणांना १५० शब्द, १५ गुणांना २५०. उत्तराची जागाही आखून दिलेली, त्यामुळे पुरवण्या जोडायची कॉलेजातली सवय इथे मोडावी लागते.

उत्तरं मराठीत लिहिता येतात. प्रश्न मात्र इंग्रजी आणि हिंदीतच छापलेले असतात. ‘गव्हर्नन्स’ला शासनकारभार म्हणायचं की प्रशासन, हा घोळ घरीच मिटवून जावा.

समाजाचा अभ्यासक्रम दिसतो जेमतेम काही ओळींचा: विविधता, स्त्रिया, लोकसंख्या, नागरीकरण, जागतिकीकरण, जमातवाद, प्रदेशवाद, धर्मनिरपेक्षता. फसगत इथेच होते. कारण व्याख्या सगळेच लिहितात, उदाहरणं थोडेच देतात. मराठी उमेदवाराकडे ती घरचीच आहेत, दुसऱ्या पेपरासाठीही. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७मध्ये आला, देशाचा २००५मध्ये. ७३वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ला लागू झाली. तिचं प्रात्यक्षिक गावच्या ग्रामसभेत फुकट बघायला मिळतं. तहसील कचेरीतला सेवांचा फलकही वाचावा: कोणता दाखला, किती दिवसांत, अपील कोणाकडे. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा म्हणजे तोच.