तोरण्याच्या धारेवर दहा किलो

राजगड-तोरणा-रायगड ही सह्याद्रीतली तीन-चार दिवसांची नावाजलेली चाल. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजानं उतरायचं, धारेधारेनं तोरणा गाठायचा आणि पुढे मोहरी-सिंगापूरच्या बाजूनं एखाद्या नाळेतून कोकणात उतरून रायगड जवळ करायचा. या वाटेवर माणसं चढानं दमतात त्याहून जास्त सॅकनं दमतात. ती सॅक जड होते आदल्या रात्री घरी, ‘असू दे, लागेल’ म्हणत भरताना.

सॅक भरून झाली की ताणकाट्याला लटकवावी. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं घेऊ नये, असा साधारण दंडक आहे. साठ किलोच्या माणसाला म्हणजे बारा किलो. माझ्या मते आपल्या नाळांना तेही जास्तच. दहाच्या आसपास थांबावं. रिकामी सॅक दीड किलो, स्लीपिंग बॅग सव्वा, कॅरीमॅट अर्ध्याहून कमी, कपडे एक, औषधं-विजेरी-ताटवाटी मिळून आणखी एक. झाले पाच. तीन दिवसांचा कोरडा खाऊ पावणेदोन-दोन किलो. उरलं ते पाणी.

खरा हिशेब पाण्याचाच. एक लिटर म्हणजे एक किलो, आणि त्याला हलका पर्याय निघालेला नाही. महागडी सॅक घेऊन अर्धा किलो वाचवायचा आणि प्यायचं पाणी पुढच्या टाक्यापाशी भरपूर असताना दोन लिटर जास्तीचं वाहायचं, यात काय हशील? राजगडावर पद्मावती माचीपाशी पाणी मिळतं, तोरण्यावर मेंगाई मंदिराजवळ टाकी आहेत. मधल्या धारेवर मात्र भरवसा ठेवू नये. म्हणून निघताना पोटभर पिऊन घ्यावं आणि माणशी तीन लिटर बरोबर ठेवावं. ऑक्टोबरचं ऊन असेल तर चार. डिसेंबरात वाहणारा ओढा मार्चमध्ये कोरडा असतो, त्यामुळे गावात फोन करून विचारणं हाच खात्रीचा नकाशा. पाणी शुद्ध करायच्या थेंबांची चिमुकली बाटली दोन बिसलेऱ्यांचं काम करते. वजन कमी करायच्या नादात पाणीच कमी घेणं हा मात्र शुद्ध अविचार.

खाण्याच्या बाबतीत आपण मराठी माणसं नशीबवान. धपाटे, तिखट-मिठाच्या पुऱ्या, गूळपोळी हे सगळं कमी जागेत भरपूर ताकद देणारं आणि दोन दिवस सहज टिकणारं. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. उलट किलोभर काकडी वाहून नेली तरी दीडशेच्या आसपास. तेवढ्या तर मूठभर दाण्यांत मिळतात. तरी भर उन्हात काकडीची फोड काय सुख देते ते चालणाऱ्यालाच ठाऊक, तेव्हा काकड्या न्याव्यात, पण पहिल्या दिवशी संपवाव्यात. जड ते आधी खावं. मोहरीसारख्या गावात आधी सांगून ठेवलं तर पिठलं-भाकरी मिळते. मग स्टोव्ह, गॅसचा डबा, पातेलं, तांदूळ सगळंच गळतं.

तंबूचंही तसंच. परदेशात वजन घटवण्याची सगळी चर्चा तंबू आणि झोपायच्या सामानाभोवती फिरते. तिकडेही 1955 साली एमा गेटवुड या 67 वर्षांच्या आजीबाई ॲपलाचियन ट्रेल ही तीन हजार किलोमीटरहून लांब वाट एकट्या चालून गेल्या, तंबू आणि स्लीपिंग बॅगेशिवाय. खांद्यावर घरी शिवलेली झोळी, पायांत कॅनव्हासचे बूट. आपल्याकडे पावसाळा सरल्यावर देवळाची ओसरी किंवा गावातलं अंगण पुरतं. गडांवरच्या मुक्कामाचे नियम मात्र बदलत असतात. ते आधी विचारावेत, कारण मुक्काम कुठे यावरच सामान ठरतं.

बुटांकडे फारसं कुणी पाहत नाही. पायातलं वजन उचलायला पाठीवरच्या तेवढ्याच वजनापेक्षा चौपट-पाचपट शक्ती लागते, कारण ते प्रत्येक पावलाला उचलायचं असतं. चकचकीत जड बुटांपेक्षा पकड चांगली असलेले हलके बूट सह्याद्रीत उजवे. जीन्सबद्दल तर बोलायलाच नको. एकदा भिजली की दिवसभर ओझं.

सॅक भरतानाही वजन ‘कमी’ करता येतं. जड वस्तू पाठीला चिकटून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर. हलकी स्लीपिंग बॅग तळाशी. कमरेचा पट्टा कंबरेच्या हाडावर घट्ट, म्हणजे भार खांद्यांवरून पायांवर उतरतो. नाळेतल्या दगडधोंड्यांतून उतरताना मात्र जड सामान थोडं खाली सरकवावं, नाहीतर सॅक झोक घालवते. बाहेर मग, चपला, मॅट लोंबकळत ठेवू नयेत, कारवीत अडकतात.

सहा जणांनी सहा चाकू आणि सहा प्रथमोपचार पेट्या नेण्यात अर्थ नाही, वाटून घ्यावं. पण विजेरी, शिट्टी, स्वतःची औषधं, मीठ-साखर आणि एक गरम कपडा प्रत्येकाच्या पाठीवर हवाच. पांगापांग झाली तर दुसऱ्याच्या सॅकमधली विजेरी काय कामाची? बाकी सगळं निघण्याच्या दोन दिवस आधी जमिनीवर पसरा, आणि मागच्या खेपेला न वापरता परत आलेलं यंदा घरीच ठेवा.