गंभीर संसर्ग आणि रक्तातील पांढऱ्या पेशी

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत, सातारा व सांगली जिल्ह्यांतील माणदेशाच्या गावांतही रक्ततपासणीचे कागद घरोघर हाताळले गेले. माणगंगेच्या खोऱ्यातील या अवर्षणग्रस्त मुलखात मोठी रुग्णालये दूर. त्यामुळे ‘सी.बी.सी.’च्या त्या कागदावरील आकड्यांचा अर्थ काय, हा प्रश्न शिक्षक व ग्रामपंचायत सदस्यांनाही विचारला जाई.

निरोगी प्रौढ व्यक्तीच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारणतः ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. त्यांत निम्म्याहून अधिक न्यूट्रोफिल, तर सुमारे २० ते ४० टक्के लिंफोसाइट. न्यूट्रोफिल हे पहिल्या फळीचे शिपाई होत. ते जंतूंना गिळतात आणि अल्पकाळात मरतात. म्हणून अस्थिमज्जेत दररोज अब्जावधी नव्या पेशी तयार व्हाव्या लागतात. लिंफोसाइटचे काम सावकाश, परंतु नेमके. शत्रू ओळखणे, प्रतिपिंडे निर्माण करणे, बाधित पेशी नष्ट करणे आणि त्या जंतूची स्मृती जपणे, ही कामे त्यांच्याकडे असतात.

संसर्ग गंभीर झाला की हे प्रमाण ढळते. अस्थिमज्जा घाईघाईने न्यूट्रोफिल रक्तात सोडते. त्यांत पुरती वाढ न झालेल्या पेशीही येतात. त्याच वेळी लिंफोसाइट घटतात. काही रक्त सोडून फुप्फुसासारख्या बाधित अवयवांत शिरतात, तर काही शरीरातील दाहाच्या माऱ्यात स्वतःच नाश पावतात. कोरोनाच्या गंभीर रुग्णांत ही घट ठळकपणे आढळली. म्हणूनच डॉक्टर या दोन पेशींचे परस्पर प्रमाण पाहत. पांढऱ्या पेशी वाढल्या म्हणजे प्रतिकारशक्ती वाढली, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. शिवाय डेंग्यू व विषमज्वरात पांढऱ्या पेशी पुष्कळदा कमीच होतात. केवळ एका कागदावरून निदान करू नये, ते याचसाठी.

औषधांचाही परिणाम होतो. स्टेरॉइड घेतल्याने न्यूट्रोफिलचा आकडा वाढतो व लिंफोसाइटचा उतरतो. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत डेक्सामेथासोनमुळे कोरोनाच्या प्राणवायूवरील रुग्णांचे मृत्यू कमी झाल्याचे दिसले. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र लाभ झाला नाही. दाह आवरणारे औषध लढणाऱ्या पेशींनाही आवरते, हे त्यामागील एक कारण मानले जाते. अनियंत्रित मधुमेह आणि स्टेरॉइड एकत्र आले की बुरशीला गिळणाऱ्या पेशी दुबळ्या पडतात. २०२१ मध्ये महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, त्यास ही पार्श्वभूमी होती.

रुग्ण सावरू लागला की लिंफोसाइट हळूहळू पूर्ववत होतात. काहींच्या बाबतीत त्यास कित्येक आठवडे लागतात, आणि ताप उतरला तरी त्या अवधीत दुसऱ्या जंतूंचा शिरकाव होण्याचा धोका राहतो. गंभीर आजारातून घरी परतलेल्या माणसाला डॉक्टर पुन्हा तपासणीस बोलावतात, त्यामागे हेही एक कारण असते.