जुनी अमेरिकन चांदी : ठसा वाचा, मगच मोल करा

कापडाच्या धंद्यात तीस वर्षे गेली. ताग्याच्या तोंडावरचा छाप पाहिला की माल कोणत्या गिरणीचा हे सांगता येते, अशी माझी घमेंड होती. सहा चमच्यांनी ती उतरवली. ज्या व्यापारी व कारागीर बंधूंच्या हाती परदेशी जुनी चांदी येते, त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून ती हकीकत आधी सांगतो.

माझे दूल्हाभाई जहाजावर नोकरीला होते. अमेरिकेच्या बाल्टिमोर बंदरात जुन्या वस्तूंच्या दुकानातून त्यांनी सहा मोठे चमचे व एक ट्रे आणला होता. त्यांच्या इंतकालानंतर, २००४ साली, थोरल्या आपांना पैशांची निकड लागली. त्यांनी दोन्ही वस्तू माझ्यापुढे ठेवल्या. ट्रेच्या पाठीवर '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' असे इंग्रजीत होते. चमच्यांवर 'एस. कर्क अँड सन' आणि पुढे '११ ओझेड', म्हणजे अकरा औंस.

मी चमचे तराजूत घातले. सहा मिळून २४ तोळे भरले. चांदी-सोन्याचा एक औंस ३१.१ ग्रॅमचा असतो, त्या हिशेबाने हे झाले ९ औंस. मी आपांना म्हणालो, "लिहिले आहे अकरा, भरतात नऊ. स्टर्लिंग नाही, ९२५ नाही. हा ठसाच खोटा आहे." चमचे भंगाराच्या भावाने गेले. ट्रे मात्र दीडशे वर्षांपूर्वीची चांदी म्हणून कपाटात जपून ठेवला.

दोन वर्षांनी अमेरिकेत शिकणाऱ्या भाच्याने तिथल्या चांदीच्या ठशांवरील एका पुस्तकाची पाने झेरॉक्स करून पाठवली. तेव्हा कळले की सारे उलटे झाले होते. चमचे अस्सल चांदीचे होते आणि ट्रे नुसत्या मुलाम्याचा!

सरकारी मोहोर नाही, कारागिराची जबान

इंग्लंडमध्ये चांदीची तपासणी शेकडो वर्षांपासून ठराविक कचेऱ्यांत होते. माल तिथे कसाला लागला की सिंहाची मोहोर, शहराची खूण (लंडनचे बिबट्याचे तोंड, बर्मिंगहॅमचा नांगर) आणि वर्षाचे अक्षर उमटते. अमेरिकेत अशी देशव्यापी व्यवस्था कधीच नव्हती. बाल्टिमोर शहरात तेवढी १८१४ ते १८३० या काळात तपासणी कचेरी होती. बाकी सगळीकडे ज्याने भांडे घडवले त्यानेच ठसा मारायचा. हा ठसा म्हणजे त्याची जबान.

पुढे १९०६ साली अमेरिकन सरकारने कायदा केला की 'स्टर्लिंग' लिहिले तर चांदी त्या कसाची असलीच पाहिजे. १९६१ च्या दुरुस्तीने असे ठरले की कस लिहिणाऱ्याने आपली व्यापारी खूणही मारावी. म्हणजे नाव लपवून कस सांगता येणार नाही.

कसाचे चार शब्द

पहिला शब्द 'कॉइन'. जुन्या काळी नाणी वितळवून भांडी होत, म्हणून नाण्याइतका कस. १८३७ पासून अमेरिकन नाण्यात हजारी ९०० भाग चांदी होती, त्याआधी ८९२ च्या आसपास. 'प्युअर कॉइन', 'डॉलर', 'स्टँडर्ड' असेही ठसे मिळतात. अनेक जुन्या चमच्यांवर कसाचा शब्दच नसतो, केवळ कारागिराचे नाव असते.

दुसरा '११ ओझेड' आणि तिसरा '१०.१५'. हे आकडे वस्तूचे वजन सांगत नाहीत, इथेच मी फसलो. जुन्या मापाने १२ औंसांचा एक पौंड. त्या १२ औंस मालात ११ औंस शुद्ध चांदी, असा त्याचा अर्थ. म्हणजे हजारी सुमारे ९१७. '१०.१५' म्हणजे १० औंस १५ पेनीवेट. २० पेनीवेटचा एक औंस, म्हणून हा कस हजारी सुमारे ८९६ होतो. ही बाल्टिमोरकडची रीत. सॅम्युएल कर्क यांनी तिथे १८१५ मध्ये काम सुरू केले. उठावाच्या फुलापानांचे त्यांचे नक्षीकाम नावाजलेले आहे.

चौथा शब्द 'स्टर्लिंग', म्हणजे हजारी ९२५. अमेरिकेत तो १८६० नंतर रुळला. म्हणून त्याआधीच्या मालावर स्टर्लिंग नसले तर तो खोटा ठरत नाही.

नावाजलेल्या घरांच्या खुणा

प्रॉव्हिडन्स शहरातील गोऱ्हम (स्थापना १८३१) यांची खूण सिंह, नांगर आणि जुन्या वळणाचे 'जी'. सिंह व नांगर पाहून पुष्कळजण तो माल बर्मिंगहॅमचा समजतात. या घराने १८६८ मध्ये स्टर्लिंगचा कस धरला. त्याच वर्षापासून मोठ्या भांड्यांवर वर्षाचे अक्षर येऊ लागले: १८६८ ला 'ए', असे करत १८८४ ला 'क्यू'. १८८५ पासून अक्षराऐवजी लहान चित्रे आली. गोऱ्हमने मुलाम्याचा मालही केला आहे, म्हणून नाव पाहून थांबू नये, कसाचा शब्दही शोधावा.

न्यूयॉर्कच्या टिफनी (१८३७) यांच्या भांड्यांवर पूर्ण नाव, 'मेकर्स' हा शब्द, नमुन्याचे आकडे आणि 'स्टर्लिंग सिल्व्हर ९२५-१०००' असे लिहिलेले सापडते. रीड अँड बार्टन यांच्या स्टर्लिंग मालावर गरुड, 'आर' अक्षर आणि सिंह. वॉलेस यांचे हरणाचे डोके.

मुलामा कसा ओळखावा

आता ट्रेची गोष्ट. कनेटिकट राज्यातील रॉजर्स बंधूंनी १८४७ मध्ये विजेच्या मुलाम्याचा धंदा सुरू केला. १८६२ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते नाव घेतले आणि '१८४७ रॉजर्स ब्रदर्स' हीच छाप केली. विसाव्या शतकातील मालावरही तोच आकडा आहे. तो छापाचा भाग आहे, वस्तूचे वय नव्हे.

'क्वाड्रुपल प्लेट', 'ट्रिपल प्लेट', 'ए १', 'ई.पी.एन.एस.' हे सारे मुलाम्याचे शब्द. 'जर्मन सिल्व्हर' किंवा 'निकेल सिल्व्हर' मध्ये तांबे, जस्त व निकेल असते, चांदी नावाला नाही. 'स्टर्लिंग' सोबत 'वेटेड' लिहिले असेल तर चांदीचा पातळ पत्रा वर व आत भराव. मेणबत्तीच्या उभ्या दाण्या बहुधा अशाच असतात. त्या काट्यावर घालून चांदीचा भाव देऊ नये.

नकली ठसे

जिथे नावाला मोल तिथे नकलाही होतात. बोस्टनचे पॉल रिव्हिअर (१७३४-१८१८) यांच्या नावाचा ठसा साध्या जुन्या चमच्यांवर मारून विकला गेला आहे. कधी लहान वस्तूवरील खरा ठसा कापून मोठ्या भांड्यात डागतात. ठशाच्या जागी तोंडाची वाफ सोडा, डाग दिला असेल तर सांध्याची रेघ उमटते. ठशाचा काळ आणि वस्तूचा घाट जुळतो का, तेही पाहावे. आणि शंका असेल तर सराफाकडून टंच काढून घ्यावा. मी तेवढे केले असते तर चमचे गेले नसते.

वितळवण्याआधी

जानेवारी १९८० मध्ये चांदी औंसाला ५० डॉलरच्या जवळ गेली, तेव्हा अमेरिकेत घराघरांतली जुनी भांडी मुशीत गेली. दोनच महिन्यांत भाव कोसळला, पण भांडी परत आली नाहीत. भाव चढला की आपल्याकडेही हेच होते. मोडीचा भाव फक्त धातूचा. चांगल्या नावाच्या जुन्या वस्तूत घडणावळही असते, हुन्नरही असतो, आणि त्याचे दाम देणारे गिऱ्हाईक असते. म्हणून मोडीत घालण्याआधी भिंगाखाली पाठ पाहा, दिसेल ते अक्षर-आकडे जसेच्या तसे कागदावर उतरवा, मगच सौदा करा. विकणारा अजाण असेल तर त्याला ठशाचा अर्थ सांगणे हेही आपल्या धंद्याच्या ईमानातच येते.

चमचे घेणाऱ्याला दोष देत नाही. खोटा ठसा म्हणून मीच ते पुढे केले होते. फरकाची रक्कम मी आपांच्या हाती ठेवली. त्यांनी ती घेतली आणि एवढेच म्हणाल्या, "पैसे ठीक आहेत, पण ते चमचे त्यांनी आणले होते." ट्रे अजून त्यांच्या कपाटात आहे. ईदला त्यात शीरखुर्म्याच्या वाट्या येतात.